झाड कुणाच्या हाती द्यायचे?

'हाची नो की' नावाचे एक जुने जपानी नो नाटक आहे. नावाचा अर्थ 'कुंडीतली झाडे'. सानो गावचा गेन्झाएमोन हा एकेकाळी सुस्थितीत असलेला सामुराई. भाऊबंदांनी जमीन बळकावल्यामुळे तो आता दारिद्र्यात दिवस काढतो आहे. बर्फ पडत असताना एका रात्री एक प्रवासी भिक्षू त्याच्या दाराशी येतो. घरात धड अन्न नाही, सरपण तर नाहीच. उरली आहेत ती वैभवाच्या दिवसांत जमवलेली कुंडीतली तीन झाडे : आलुबुखार, चेरी आणि पाइन. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून गेन्झाएमोन ती तोडतो आणि शेकोटी पेटवतो. भिक्षू म्हणजे वेषांतर करून हिंडणारा होजो तोकियोरी, कामाकुराच्या राजवटीचा माजी कारभारी, हे पुढे उघड होते. आणि जळालेल्या तीन झाडांची नावे ज्यांच्या नावांत आहेत अशी तीन गावे यजमानाला इनाम मिळतात.

श्रियाळ-चांगुणेची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे आतिथ्य परके वाटणार नाही. आम्हांला मात्र हे नाटक वाचताना दर वेळी एक आडवाच प्रश्न पडतो. तो भिक्षू त्या रात्री आलाच नसता तर? झाडे वाचली असती, हे खरे. पण गेन्झाएमोननंतर त्यांना पाणी कोणी घातले असते? कुंडीतले झाड माणसापेक्षा कितीतरी अधिक जगू शकते, आणि भर उन्हाळ्यात त्याच्याकडे चार दिवस कोणी पाहिले नाही तर मरूही शकते. बोन्सायचा सगळा इतिहास या दोन वाक्यांच्या मध्ये घडलेला आहे, आणि बोन्सायच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थांचा तर विशेषच.

आधी शब्दाविषयी थोडेसे. मराठीत आपण बोन्सायला 'वामनवृक्ष' म्हणतो आणि वाढ खुंटवलेल्या कोणत्याही गोष्टीला, कधी एखाद्या कवीच्या प्रतिभेलाही, 'बोन्साय' म्हणून मोकळे होतो. मूळ जपानी शब्दात खुजेपणाचा मागमूस नाही. 'बोन' म्हणजे उथळ पात्र, 'साय' म्हणजे लागवड. पात्रात लावलेले, एवढाच अर्थ. ही कला जपानने चीनकडून घेतली. चीनमध्ये राजपुत्र झांगहुआय याच्या इ.स. ७०६ मधल्या थडग्यात जी भित्तिचित्रे आहेत, त्यांत सेवक छोटी झाडे आणि खडक मांडलेली पात्रे वाहून नेताना दिसतात. 'वामन' हा शब्द तरीही आम्हांला सोडवत नाही, कारण पुराणातल्या त्या बटूने पुढे तीन पावलांत काय केले हे आपल्याला ठाऊक आहे. असो.

१९८९ च्या एप्रिलमध्ये जपानमधल्या ओमिया येथे 'वर्ल्ड बोन्साय फ्रेंडशिप फेडरेशन' स्थापन झाले. फेडरेशन म्हणजे महासंघ, आणि या महासंघाने आपल्या नावातच 'मैत्री' हा शब्द ठेवला. छंदाच्या संघटनेला असे नाव द्यावेसे का वाटले असेल? पोस्टाची तिकिटे गोळा करणाऱ्यांना किंवा बुद्धिबळ खेळणाऱ्यांना आपल्या संघटनेच्या नावात मैत्री घालण्याची गरज भासली नाही. उत्तर ओमियातच सापडते. त्यासाठी मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांतून युरोपने ही झाडे पाहिली आणि श्रीमंतांत त्यांची हौस पसरली. झाडे बोटींवर चढू लागली. ती थांबली आपत्तीमुळे नव्हे, एका कायद्याने. १९१९ मध्ये अमेरिकेत 'प्लांट क्वारंटाइन नंबर ३७' हा नियम लागू झाला. किडी आणि रोग येऊ नयेत म्हणून मातीसकट झाडे आणण्यास बंदी. बोन्सायच्या मुळांवरची माती पूर्ण धुऊन त्याला आठवडेच्या आठवडे समुद्रप्रवासाला पाठवणे म्हणजे बहुधा त्याला मारणेच. अतिशय कोरड्या भाषेतल्या या सरकारी नियमाने आमच्या मते बोन्सायच्या पुढच्या इतिहासाची दिशा ठरवली. झाड समुद्र ओलांडू शकत नसेल तर ओलांडायचे काय? माणूस, आणि त्याच्या हातातली विद्या. परदेशात बोन्सायची मंडळे निघाली ती झाडे विकत घेण्यासाठी नव्हे, आपल्याच मातीतल्या झाडांवर ती विद्या कशी चालवायची हे शिकण्यासाठी.

जपानमध्ये त्याच सुमारास वेगळेच घडत होते. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत तोक्योचा मोठा भाग नष्ट झाला. शहरातल्या बोन्साय-व्यावसायिकांनी स्वच्छ हवा, पाणी आणि मोकळी जागा शोधत उत्तरेकडे ओमियाला वस्ती केली. १९२५ हे त्या 'बोन्साय गावा'चे स्थापनावर्ष. गावाने स्वतःला घालून घेतलेले नियम वाचण्यासारखे आहेत. येथे राहणाऱ्याने किमान दहा बोन्साय बाळगावेत. घराला दुमजली करू नये. भिंतीऐवजी हिरवे कुंपण असावे. आणि फाटक सर्वांसाठी उघडे ठेवावे. पहिल्या तिन्ही नियमांत सौंदर्यदृष्टी आहे, व्यवसायाची सोय आहे. चौथा नियम मात्र वेगळ्या जातीचा आहे. आपले झाड अनोळखी माणसालाही पाहता आले पाहिजे, ही अट घालून जगणारी वसाहत आम्हांला दुसरी ठाऊक नाही.

यानंतर १९३४ मध्ये तोक्योच्या उएनो भागातल्या कलासंग्रहालयात 'कोकुफू' प्रदर्शन सुरू झाले. माळीकाम समजली जाणारी गोष्ट चित्र-शिल्पांच्या शेजारी नेऊन ठेवण्याचा तो प्रयत्न होता. त्यामागे 'बोन्साय' मासिकाचे संपादक नोरिओ कोबायाशी होते आणि सरदार घराण्यातले काउंट मात्सुदाइरा होते. एक संपादक, एक सरदार आणि एक सरकारी इमारत : कोणत्याही कलेला प्रतिष्ठा मिळण्याचा हा तसा रुळलेलाच मार्ग.

मग युद्ध आले. बोन्साय ही चैन ठरली. तरुण माणसे सैन्यात गेली, पाणी घालणारे हात कमी झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली झाडे मेली. समुद्रापलीकडे अमेरिकेत जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना १९४२ पासून छावण्यांत डांबण्यात आले. घरे सुटली, रोपवाटिका सुटल्या, झाडे शेजाऱ्यांच्या भरवशावर राहिली. युटामधल्या टोपाझ छावणीत जुझाबुरो फुरुझावा या बंदिवानाने एका टिनच्या डब्यात काळ्या पाइनचे बी लावले. ते झाड आजही आहे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

ओमियाच्या 'मानसेइएन' बागेचे साबुरो कातो (१९१५-२००८) यांच्या आयुष्यातून हे सगळे धागे जातात. तरुणपणी त्यांनी वडिलांबरोबर उत्तरेच्या कुनाशिरी बेटावरच्या एझो स्प्रूसचा शोध घेतला होता. दलदलीत शतकानुशतके खुरटत वाढलेली ती झाडे बोन्सायसाठी अमोल होती. १९४५ मध्ये ते बेट सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेले आणि झाडांचा तो उगमच बंद झाला. एका माळ्याला राजकीय नकाशाचा अर्थ याहून स्पष्टपणे कळणे कठीण. कातोंनी मग छोट्या रोपांचे गट करून खडकावर किंवा उथळ पात्रात अख्खे अरण्य उभे करण्याच्या शैलीत प्रावीण्य मिळवले. एकही रोप वृद्ध नाही, पण पाहणाऱ्याला जुन्या रानाचा भास व्हावा, अशी ही रचना. युद्धानंतर जपानवर अमेरिकी लष्कराचा अंमल असताना ओमियाच्या उघड्या फाटकांतून आत आले ते कालच्या शत्रूचे सैनिक आणि त्यांची कुटुंबे. त्यांना बोन्साय शिकवणे हा पोटाचा प्रश्न होता, हे आपण विसरू नये. मैत्रीची भाषा नंतर आली. आधी गिऱ्हाईक आले. यात काही कमीपणा आहे असे आम्हांला वाटत नाही.

साठच्या दशकात गोष्टी झपाट्याने घडल्या. तोक्यो ऑलिंपिकच्या वर्षी, १९६४ मध्ये, परदेशी पाहुण्यांसाठी मोठे प्रदर्शन झाले. १९६५ मध्ये 'निप्पॉन बोन्साय असोसिएशन' स्थापन झाली आणि माजी पंतप्रधान शिगेरु योशिदा तिचे अध्यक्ष झाले. त्याच दशकात कॅलिफोर्नियातल्या मंडळांच्या एकत्र येण्यातून 'बोन्साय क्लब्ज इंटरनॅशनल' आकाराला आले, १९६७ मध्ये 'अमेरिकन बोन्साय सोसायटी' निघाली. या मंडळांचे गुरू म्हणजे जॉन नाका (१९१४-२००४). जन्म कोलोरॅडोचा, बालपण जपानमध्ये, १९३५ मध्ये पुन्हा अमेरिका. १९५० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या चार मित्रांबरोबर एक मंडळ काढले, आणि पुढे पन्नास वर्षे देशोदेशी जाऊन ते शिकवत राहिले. त्यांची 'बोन्साय टेक्निक्स' ही दोन भागांतली पुस्तके (१९७३, १९८२) जगभरच्या हौशी मंडळींची पाठ्यपुस्तके ठरली.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा जपानने ५३ बोन्साय भेट दिले. ते आदल्या वर्षीच आले होते. नियमाप्रमाणे त्यांना मेरिलँडमधल्या ग्लेन डेल येथे विलगीकरणात काढावे लागले. वॉशिंग्टनच्या 'नॅशनल आर्बोरेटम'मधले संग्रहालय या भेटीतून जन्मले. कातो, नाका, होनोलुलूचे वकील टेड त्सुकियामा अशी मंडळी या काळात एकमेकांच्या संपर्कात होती. १९८० मध्ये ओसाकाला आंतरराष्ट्रीय संमेलन झाले आणि नऊ वर्षांनी ओमियात महासंघ उभा राहिला. कातो पहिले अध्यक्ष. ही माणसे कोण होती ते पाहिले म्हणजे 'मैत्री' या शब्दाचा उलगडा होतो. त्सुकियामा हे जपानी वंशाचे अमेरिकी सैनिक. युद्धात ते जपानच्या विरुद्ध बाजूच्या गुप्तवार्ता विभागात, भारत-ब्रह्मदेश आघाडीवर होते. अशा माणसांनी कातोंसारख्यांबरोबर एका मेजाशी बसून झाडांची संघटना काढणे ही छंदाची गोष्ट राहत नाही. त्यांच्या पिढीपुरते तरी त्या शब्दाला वजन होते.

आणि येथेच आजच्या अडचणीचे मूळ आहे. महासंघाने जगाचे नऊ विभाग केले आणि साधारण दर चार वर्षांनी अधिवेशन भरवायचे ठरवले : १९९३ ओरलँडो, १९९७ सोल, २००१ म्युनिक, २००५ वॉशिंग्टन, २००९ सान हुआन, २०१३ चीनमधले जिनतान, २०१७ पुन्हा सैतामा (ओमिया आता त्याच शहरात सामावले आहे). २०२१ मध्ये ठरलेले पर्थचे अधिवेशन महामारीमुळे २०२२ वर गेले. गावांची यादी वाचताना भरते येते. पण ज्यांच्या आठवणीत ते युद्ध होते त्यांच्यानंतर 'मैत्री' हा शब्द स्वागतसमारंभांचा झाला. कातोंच्या जन्मदिनाच्या आसपास, मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, 'जागतिक बोन्साय दिन' साजरा होतो. दिन साजरे करू लागलेल्या संस्थेविषयी थोडी काळजी करावी, असा आमचा मराठी अनुभव आहे.

एकीकडे संस्थेची कामे एकेक करून तिच्या हातून निसटली. विद्या पोचवणे हे पहिले काम. पूर्वी एखाद्या गुरूचे प्रात्यक्षिक पाहायचे तर मंडळाने वर्गणी काढून त्यांना बोलवावे लागे. छायाचित्रे, पारदर्शिका, त्रैमासिके यांची वाट पाहावी लागे. आता मासाहिको किमुरांसारख्या गुरूकडे सहा वर्षे उमेदवारी करून आलेला रायन नील ओरेगॉनमधल्या आपल्या बागेतून थेट प्रक्षेपण करतो आणि वर्गणीदार जगभर घरबसल्या पाहतात. प्रदर्शन भरवणे हे दुसरे काम. २०१५ मध्ये पोर्टलंडच्या कलासंग्रहालयात 'आर्टिझन्स कप' हे प्रदर्शन झाले. त्यामागे मंडळांची उतरंड नव्हती, नील यांच्यासारख्या व्यावसायिकांचा स्वतंत्र उपक्रम होता. तिसरे काम मासिकाचे. त्याविषयी मराठी वाङ्मयीन नियतकालिकांच्या वाचकांना आम्ही काय सांगावे! अधिवेशनाला जायचे तर विमानभाडे, हॉटेल, नोंदणी. तेवढा पैसा आणि वेळ असतो निवृत्तांकडे. सभागृहात पांढरे केस अधिक दिसतात ते झाडांच्या नव्हे, माणसांच्या वयामुळे. खुद्द ओमियात एकेकाळी तीसच्या आसपास बागा होत्या, आज त्या दहाच्या आत आहेत. २०१० मध्ये तेथे सरकारी बोन्साय संग्रहालय उघडले, ही घटना गौरवाची आहे आणि इशाऱ्याचीही.

यावर सुचवले जाणारे उपाय ठरावीक असतात. तरुणांना ओढा, संकेतस्थळ सुधारा, स्पर्धा ठेवा. काहींना वाटते नाव बदलावे, कारण चिनी मंडळींच्या दृष्टीने मूळ शब्द 'पेनजिंग' आहे आणि जपानी नावाच्या छत्राखाली उभे राहणे त्यांना पूर्ण रुचत नाही. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने आपल्या नावात दोन्ही शब्द घेतले आणि वाद मिटवला. त्यात शहाणपण आहे. तरी या सगळ्या उपायांत संस्था स्वतःसाठी काम शोधते आहे असे दिसते. झाडांना तिची गरज कुठे आहे, हे कुणी विचारत नाही.

ती कुठे आहे हे वॉशिंग्टनमधल्याच एका झाडाने दाखवून दिले. १९७६ च्या भेटीत हिरोशिमाच्या मासारु यामाकी यांनी दिलेला एक पांढरा पाइन होता. १६२५ पासून तो कुंडीत आहे, एवढी माहिती सोबत आली. संग्रहालयाने त्याची पंचवीस वर्षे चोख निगा राखली. ८ मार्च २००१ रोजी यामाकींचे दोन नातू आजोबांचे झाड पाहायला आले आणि त्यांच्या बोलण्यातून प्रथमच कळले की ६ ऑगस्ट १९४५ रोजी हे झाड हिरोशिमात, स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर, घराच्या आवारातल्या भिंतीआड उभे होते. ज्या देशाने बाँब टाकला त्याच्या राजधानीत ते पाव शतक उभे होते आणि कुणालाच ठाऊक नव्हते.

यामाकींनी ते का सांगितले नसावे, याचे तर्क करता येतील. भेट देताना आहेर करणारा जखम दाखवत नाही, हा त्यांतला एक. पण आमचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जाते. पाणी, छाटणी, तार, दर काही वर्षांनी मुळे कापून पुन्हा लागवड : झाडाच्या देहाचे सगळे व्यवस्थित एका हातातून दुसऱ्या हातात गेले. चरित्र तेवढे गेले नाही. दोन नातवांना प्रवासाची इच्छा झाली नसती तर ते कायमचेच गेले असते. साहित्याच्या अभ्यासकाला हे पटायला वेळ लागू नये. पोथी शाबूत आहे, पण ती कुणी, कुठे, कशासाठी लिहिली हे सांगणारे पान हरवले, तर आपण जे वाचतो ते अर्धेच असते.

टोपाझच्या डब्यातला तो पाइन आता वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल वे येथील 'पॅसिफिक बोन्साय म्युझियम'मध्ये आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये एका रात्री तो आणि आणखी एक जुने झाड चोरीला गेले. संग्रहालयाने जाहीर आवाहन केले, झाडे कुठून आली ते सांगितले, आणि दोनच दिवसांत दोन्ही झाडे संग्रहालयाच्या रस्त्यावर सोडून दिलेली सापडली. चोराच्या मनात काय आले ते आपल्याला कळणार नाही. त्याआधी वर्षभर, २०१९ मध्ये, सैतामा प्रांतातल्या कावागुचीच्या एका बागेतून चारशे वर्षांचा शिंपाकू ज्युनिपर आणि आणखी सहा झाडे चोरीला गेली, तेव्हा मालकीणबाईंनी चोरांना उद्देशून त्यांना पाणी कसे घालावे ते जाहीरपणे लिहिले होते. झाड परत मिळावे ही इच्छा दुसरी. ते जगावे ही पहिली.

आमच्या मते महासंघाला आणि त्याच्या भावंड-संस्थांना आज करण्यासारखे काम याच अंगाचे आहे. त्यात पैसा नाही आणि टाळ्याही नाहीत. एखादा हौशी माणूस वारला की त्याच्या गच्चीवरची चाळीस झाडे कुणी उचलायची? मुले परगावी, सुनेला पाणी घालायला वेळ नाही, विकायचे तर किंमत कुणाला कळते? दुसऱ्या देशात न्यायचे तर विलगीकरणाचे कायदे आडवे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात तर झाड आत आणणे जवळपास अशक्यच. कोणते झाड कुणाकडून कुणाकडे गेले, मध्ये काय घडले, हे कुठे नोंदवायचे? प्रक्षेपण करणारा व्यावसायिक हे करणार नाही. तो त्याचा धंदा नव्हे. संग्रहालय करील, पण निवडक झाडांपुरते. गावोगावच्या मंडळांचे जाळे आणि देशोदेशीच्या ओळखी ज्यांच्याकडे आहेत त्यांनाच हे जमेल, आणि त्या ओळखी महासंघाजवळ आहेत. यासाठी तरुण सभासदांची संख्या वाढवण्याची वाट पाहायला नको. आजचे वृद्ध सभासद आहेत तोवरच त्यांना विचारून घ्यायला हवे. नातवंडे येतीलच असे नाही.

जॉन नाका यांना अकरा नातवंडे होती. 'गोशिन' नावाच्या त्यांच्या प्रसिद्ध रचनेत फोएमिना ज्युनिपरची अकरा झाडे एका पात्रात रान होऊन उभी आहेत; नातवंडे वाढत गेली तशी झाडेही वाढवत गेले, प्रत्येक नातवंडाच्या नावाचे एक. १९८४ मध्ये, मृत्यूच्या वीस वर्षे आधी, हात चालत असताना, त्यांनी ती रचना वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी देऊन टाकली. नंतर ते तेथे जात तेव्हा कात्री बरोबर नेत.